किंग यांचा प्रबंध आणि बूझर यांची वाक्यं

बॉस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन टंकलिखित प्रबंध होते. एक १९५२ सालचा, जॅक बूझर यांचा. दुसरा १९५५ सालचा, पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांचा. बूझर यांनी पॉल टिलिक या जर्मन-अमेरिकी धर्मचिंतकाच्या देवविषयक विचारात बुद्धीचं स्थान काय, याचा शोध घेतला होता. किंग यांनी टिलिक आणि अमेरिकी धर्मचिंतक हेन्री नेल्सन वीमन या दोघांच्या देवकल्पनांची तुलना केली होती. दोन्ही प्रबंधांचे मुख्य परीक्षक एकच होते, प्राध्यापक एल. हॅरॉल्ड डीवुल्फ. दोन्ही प्रबंध शेजारी ठेवून ओळीनं वाचायचं काम मात्र तीस वर्षांहून अधिक काळ कुणी केलं नाही. केलं असतं तर किंग यांच्या प्रबंधातले परिच्छेदच्या परिच्छेद बूझर यांचे आहेत, हे एका दुपारीत कळलं असतं.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधाचं मार्गदर्शन करताना मी हेच प्रकरण सांगते. वाङ्मयचौर्य म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे रात्रीत कॉपी-पेस्ट करून मोकळा होणारा आळशी विद्यार्थी येतो, आणि आपण तसे नाही म्हणून ती निर्धास्त होतात. किंग आळशी नव्हते, अडाणी नव्हते, आणि त्यांच्याकडे स्वतःचं म्हणणंही होतं. तरी हे घडलं. कसं घडलं ते कागदावर टप्प्याटप्प्यानं पाहता येतं, कारण त्यांच्या टिपणांची कार्डं, वर्गातले निबंध, मसुदे आणि अंतिम प्रबंध असं सगळं जपलेलं आहे. इतकं उघड्यावर असलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

काय घडलं

किंग १९४८ साली अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजातून पदवीधर झाले, पेनसिल्व्हेनियातल्या क्रोझर या धर्मशिक्षण संस्थेत १९५१पर्यंत शिकले आणि त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी बॉस्टनला आले. त्यांचे पहिले मार्गदर्शक एडगर ब्राइटमन १९५३च्या फेब्रुवारीत वारले. मग डीवुल्फ मार्गदर्शक झाले. दुसरे परीक्षक होते एस. पॉल शिलिंग.

१९५४ साली किंग यांनी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचं पाद्रीपद स्वीकारलं. म्हणजे प्रबंधाचा मोठा भाग पूर्ण वेळची नोकरी सांभाळत लिहिला गेला. रविवारची प्रवचनं, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी, मंडळाच्या बैठका. पहाटे साडेपाचला उठून तीन तास आणि रात्री उशिरा पुन्हा तीन तास प्रबंधाला देत होतो, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं आहे. १५ एप्रिल १९५५ रोजी प्रबंध दाखल झाला, ५ जूनला पदवी मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीचा बसबहिष्कार सुरू झाला, आणि प्रबंधाकडे वळून पाहायला त्यांना आयुष्यात पुन्हा सवड मिळाली नाही.

१९६४ साली किंग यांनी आपली कागदपत्रं बॉस्टन विद्यापीठाच्या स्वाधीन केली. विद्यार्थिदशेतले निबंधही त्यांत होते. लपवायचं मनात असतं तर माणूस हे कागद स्वतःहून देत नाही. या एका गोष्टीमुळे मला त्यांना ठरवून फसवणारा माणूस मानणं अवघड जातं. पण हेतू हा एक प्रश्न झाला आणि पानावर काय आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या विनंतीवरून इतिहासकार क्लेबोर्न कार्सन यांनी १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात किंग यांच्या समग्र कागदपत्रांच्या संपादनाचा प्रकल्प सुरू केला. अशा संपादनात प्रत्येक उल्लेखाचा, प्रत्येक अवतरणाचा मूळ स्रोत शोधून टीप द्यावी लागते. ते करताना संशोधकांना दिसू लागलं की जिथे अवतरणचिन्हं नाहीत तिथली वाक्यंही दुसऱ्याच्या पुस्तकात सापडताहेत. आधी एक, मग दहा, मग पानभर. या माणसाबद्दलच्या आदरापोटी कामाला आलेली तरुण मुलं होती ती. त्यांच्यावर काय गुजरलं असेल याची कल्पना करता येते. १९९०च्या नोव्हेंबरात 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी छापली. १९९१च्या जूनमध्ये अमेरिकी इतिहासकारांच्या मुख्य नियतकालिकात कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उताऱ्यांसकट सगळं मांडलं. बॉस्टन विद्यापीठानं नेमलेल्या समितीचा निष्कर्ष १९९१च्या ऑक्टोबरात जाहीर झाला.

समितीनं गुळमुळीत काही लिहिलं नाही. किंग यांनी वाङ्मयचौर्य केलं आहे यात शंका नाही, असं स्पष्ट म्हटलं. काही मजकुराला श्रेय दिलेलंच नाही, काहींना चुकीचं दिलं आहे, आणि काही ठिकाणी श्रेय ढोबळ आहे, तेही उचललेल्या वाक्यांपासून लांब कुठेतरी, असे तीन प्रकार नोंदवले. पदवी काढून घेण्याचा विचारही करू नये, त्यानं काही साधणार नाही, असं सांगितलं. मात्र ग्रंथालयातल्या अधिकृत प्रतीला समितीचा निष्कर्ष सांगणारं पत्र जोडावं, अशी शिफारस केली.

जवळून पाहू

टिलिक यांच्या विचारातली 'सहसंबंध' ही संकल्पना घ्या. बूझर यांच्या परिच्छेदाचा आशय माझ्या शब्दांत असा: धार्मिक प्रतीक आणि त्या प्रतीकानं जे सुचवलं जातं ते, या दोहोंत एक मेळ असतो. देवाच्या स्वरूपाविषयी आपण जे काही बोलतो ते हा मेळ गृहीत धरूनच बोलतो. आणि देव व माणूस या दोघांच्याही ठायी असलेल्या लोगोस-तत्त्वामुळे, म्हणजे विवेकतत्त्वामुळे, हा मेळ प्रत्यक्षात असतो.

किंग यांच्या प्रबंधात हाच परिच्छेद येतो, तोही जवळजवळ शब्दशः. वाक्यांचा क्रम तोच, वाक्यांची ठेवणही तीच. वाचणाऱ्याला वाटतं की किंग यांनी टिलिक वाचले, त्यांतून हे सार काढलं आणि मांडलं. प्रत्यक्षात सार काढण्याचं काम बूझर यांनी केलं होतं.

प्रबंधातली मुख्य उसनवारी ही अशा प्रकारची आहे, आणि आपल्याकडच्या लघुप्रबंधांतही हाच प्रकार सर्वांत जास्त चालतो. मूळ ग्रंथकाराचं नाव तळटिपेत असतं, पण त्या ग्रंथातून नेमकी ती ओळ निवडणारा, तिचा अर्थ लावणारा आणि ती दुसऱ्या ओळीशेजारी ठेवणारा मधला अभ्यासक गायब असतो. विद्यार्थी म्हणतो, 'मॅडम, संदर्भ तर दिलाय.' दिलेला असतो, पण विद्यार्थ्यानं कधी हातातही न घेतलेल्या पुस्तकाचा. ते पुस्तक ज्या प्रबंधात त्याला भेटलं त्या प्रबंधाचं नाव कुठेच नसतं. मधल्या माणसाचे कष्ट आपल्या खात्यावर जमा होतात, आणि तळटीप असल्यामुळे पान अधिकच प्रामाणिक दिसतं.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. किंग यांनी आपल्या प्रस्तावनेत बूझर यांच्या प्रबंधाचा उल्लेख केला आहे, त्याची वाखाणणीही केली आहे. अशा अभ्यासांतून जे घेईन ते तळटिपांत दाखवीन, या अर्थाचं आश्वासन दिलं आहे. म्हणजे नियम ठाऊक होता, तो पाळायचा आहे याची जाणीवही होती. 'मी प्रस्तावनेत सगळ्यांचे ऋण मानले आहेत' हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. पान चौऱ्याऐंशीवर वाचणाऱ्याला यांतलं कुठलं वाक्य तुझं आणि कुठलं त्यांचं, हे ऋणनिर्देशातून कळत नाही.

मग संदर्भ गळला कुठे? टिपणकार्डं पाहिलेल्या संपादकांचं म्हणणं असं की कार्डांवर बऱ्याच ठिकाणी स्रोताची नोंद आणि अवतरणं व्यवस्थित आहेत. कार्डावरून मसुद्यात येताना चिन्हं पुसली गेली. पहाटेच्या तीन तासांत कार्डांचा गठ्ठा समोर, एकेक कार्ड उचलून वाक्याला वाक्य जोडत जायचं, आणि टंकलेखनाला द्यायच्या घाईत कार्डाच्या कोपऱ्यातला पानक्रमांक मागे राहायचा. माझ्या डोळ्यांपुढे चित्र असं येतं. हा माझा तर्क आहे, पण ज्यानं हातानं टिपणं काढून काही लिहिलं आहे त्याला तो पटेल. चोरी अशी बसून केलेली नसते. ती या गळतीतून होत जाते. आणि गळती थांबवायची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच असते, म्हणून तिला चोरीच म्हणावं लागतं.

सवय कुठे लागली

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रबंधामागचे निबंधही तपासले. क्रोझरमधल्या वर्गनिबंधांत हीच पद्धत होती. पुस्तकातला परिच्छेद, मग आपलं एखादं जोडवाक्य, मग दुसऱ्या पुस्तकातला परिच्छेद. निबंधांना चांगले गुण पडत गेले. शिक्षकांनी शेरे मारले ते मांडणीवर आणि आकलनावर. स्रोताचा प्रश्न कुणी उपस्थित केला नाही. विद्यार्थ्यानं यातून काय शिकायचं? अभ्यास म्हणजे हेच, एवढंच तो शिकतो.

आता आपला नियम बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्यप्रतिबंधाची नियमावली काढली. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्य मोजणीतून वगळायचं. हे सगळं पदव्युत्तर आणि संशोधनपातळीच्या लेखनाला लागू आहे. वर्गातले असाइनमेंट, प्रकल्प-अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका नियमावलीनं स्पष्टपणे वगळल्या आहेत.

वगळण्यामागचं कारण समजतं. हजारो मुलांचे निबंध समित्यांपुढे नेता येणार नाहीत. पण किंग यांचं प्रकरण वाचताना हीच वगळलेली जागा टोचते. सवय तिथेच लागली होती. आपल्याकडे तर ती त्याआधीच लागते. दहावीला तयार निबंधांच्या पुस्तकातला 'माझा आवडता ऋतू' पाठ करून उतरवला की पैकीच्या पैकी. बारावीचा पर्यावरण प्रकल्प ताईच्या वहीवरून. विज्ञानशाखेत प्रयोगाचं जर्नल सिनिअरच्या जर्नलवरून, निरीक्षणांच्या आकड्यांसकट. शिक्षकाला हे माहीत असतं, विद्यार्थ्याला माहीत असतं की शिक्षकाला माहीत आहे, आणि सही होते. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याच मुलाच्या हातात आपण १० टक्क्यांचा नियम ठेवतो आणि त्याच्याकडून अचानक प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. हा अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणते.

डीवुल्फ यांचाही विचार करायला हवा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बूझर यांचा प्रबंध वाचला होता. किंग यांच्या प्रबंधावरच्या अभिप्रायात त्यांनी विद्यार्थ्याच्या व्यासंगाची आणि विषयावरच्या पकडीची तारीफ केली. ती वाक्यं आपण आधी वाचली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. प्रकरण उघड झालं तेव्हा ते हयात नव्हते, त्यामुळे त्यांची बाजू कधी कळली नाही. मार्गदर्शकांकडे प्रबंधांचे गठ्ठे असतात हे मी जाणते. पण एकाच विषयावरचे दोन प्रबंध एकाच माणसाच्या हाताखालून जातात तेव्हा दुसरा वाचताना पहिला कपाटातून काढून समोर ठेवणं हे मार्गदर्शकाचं साधं कर्तव्य आहे.

बचाव आणि त्यातलं तथ्य

कीथ मिलर या अभ्यासकानं किंग यांच्या बाजूनं एक विचार करण्याजोगी मांडणी केली. किंग वाढले ते कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट प्रवचनकारांच्या घरात. तिथे प्रवचन ही सामायिक संपत्ती असते. एकाची उपमा दुसरा घेतो, त्याची तिसरा वाढवतो, आणि जुन्या आवाजात आपला आवाज मिसळणं हीच कला मानली जाते. किंग यांच्या १९६३च्या वॉशिंग्टनमधल्या 'आय हॅव अ ड्रीम' या विख्यात भाषणाचा शेवट शिकागोचे पाद्री आर्चिबाल्ड केरी यांच्या १९५२मधल्या भाषणाच्या शेवटाशी जुळतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाची त्यात फसवणूक झाली असं मला वाटत नाही.

हे आपल्याला परकं नाही. गावोगावच्या कीर्तनात दृष्टान्त कुठून कुठे गेला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. एका बुवांचा विनोद दुसऱ्या बुवांच्या तोंडी पुढच्या सप्ताहात येतो. पण याच परंपरेत 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' ही नाममुद्रा अभंगातच ओवलेली आहे. निरूपण बुवांचं असलं तरी अभंग कुणाचा हे शेवटच्या चरणात कळतंच, आणि बुवा ते गाळत नाहीत. ज्ञानेश्वरांनीही आपण भाष्यकारांना वाट पुसत चाललो आहोत, असं ग्रंथातच सांगून ठेवलं आहे. पुढे तुकोबांच्या मुद्रेखाली इतरांनी आपल्या रचना घुसवल्या आणि अभ्यासकांना प्रक्षिप्त अभंग निवडत बसावं लागलं. म्हणजे आपली समस्या बरेचदा उलटी आहे, स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची. पण मौखिक परंपरा असली की श्रेय आपोआप पुसलं जातं, हे मला पटत नाही.

मिलर यांच्या मांडणीनं प्रवचनं समजतात, प्रबंध नाही. व्यासपीठावरचा माणूस 'हे मी शोधून काढलं' असा दावा करत नसतो. प्रबंध मात्र नेमका तोच दावा करतो, आणि त्या दाव्यावर पदवी मिळते. या दोन जागांचे नियम वेगळे आहेत हे किंग यांना ठाऊक होतं. तळटिपांचं आश्वासन त्यांनीच लिहिलं होतं.

आपल्याकडे आंबेडकरी चळवळीतल्या कितीतरी व्याख्यानांत किंग यांचं नाव बाबासाहेबांच्या नावाशेजारी आदरानं घेतलं जातं. मी हे प्रकरण सांगते तेव्हा एखादा विद्यार्थी दुखावतो. 'हे सांगून कुणाला बरं वाटणार, माहीत आहे ना?' असं मला विचारलं गेलं आहे. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत वर्णद्वेष्ट्यांनी या निष्कर्षाचा शस्त्रासारखा वापर केला. पण ज्यांनी तो शोधला आणि जाहीर केला ते किंग यांचे वैरी नव्हते. त्यांच्या कागदपत्रांचे संपादकच होते ते, आणि त्या प्रकल्पाचा प्रमुख स्वतः कृष्णवर्णीय इतिहासकार होता. कागदपत्रांच्या दुसऱ्या खंडात, १९९४ साली, त्यांनी तो प्रबंध संपूर्ण छापला आणि जिथे जिथे वाक्य दुसऱ्याचं आहे तिथे तिथे खाली मूळ स्रोत दिला. किंग यांच्याकडून जे श्रेय द्यायचं राहिलं ते त्यांच्या संपादकांनी चाळीस वर्षांनी फेडलं. आदराचं याहून चांगलं रूप मला ठाऊक नाही.

काय करता आलं असतं

त्या 'सहसंबंधा'च्या परिच्छेदावर परत येऊ. किंग यांच्यापुढे तीन रस्ते होते. बूझर यांची वाक्यं इतकी नेटकी आहेत असं वाटलं तर ती अवतरणचिन्हांत द्यायची आणि खाली बूझर यांचं नाव, वर्ष, पान. दुसरा रस्ता असा: 'टिलिक यांचा सहसंबंध म्हणजे मुळात प्रतीक आणि प्रतीकित यांची जुळणी, असा अर्थ बूझर लावतात. हा अर्थ मी स्वीकारतो. वीमन यांच्याकडे याच्या तोडीचं काय आहे ते पुढे पाहू.' हा नमुना माझा आहे, पण यातलं शेवटचं वाक्य पाहा. किंग यांचं स्वतःचं काम तिथून सुरू होतं. तुलना त्यांची होती, आणि दोन्ही धर्मचिंतकांवर घेतलेले आक्षेप त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतून आले होते, हे संपादकांनीही मानलं आहे. बूझर यांचं नाव घेतल्यानं किंग यांचं काही कमी झालं नसतं. उलट त्यांचं स्वतःचं म्हणणं कुठून सुरू होतं ते उठून दिसलं असतं. तिसरा रस्ता सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत चांगला: बूझर मिटून ठेवायचे, टिलिक उघडायचे, आणि बूझर म्हणतात ते तिथे खरंच आहे का ते पाहायचं.

चौथा रस्ताही असतो, आणि तो मुलांना फार आवडतो: शब्द बदलायचे. समजा एका पुस्तकात असं वाक्य आहे (मीच रचलेलं): 'दुष्काळी कामांनी बायकांच्या हातात पहिल्यांदा रोख मजुरी दिली, आणि त्या पैशानं घरातली बोलण्याची तऱ्हा बदलली.' विद्यार्थिनी लिहिते: 'अवर्षणकालीन कामांमुळे स्त्रियांना प्रथमच रोख वेतन प्राप्त झाले व त्यामुळे कुटुंबातील संवादाची रीत पालटली.' शब्द वेगळे आहेत पण सांगाडा तोच राहिला आहे. आणि मुख्य म्हणजे पैशाचा संबंध बोलण्याशी जोडणं, ही त्या लेखकाची सूझ, निनावी उचलली गेली. वर मराठीही बिघडली. याऐवजी तिनं असं लिहावं: 'रोख मजुरीमुळे बायकांचं घरातलं बोलणं बदललं, असं अमुक यांचं निरीक्षण आहे. माझ्या गावातल्या ज्या बायका रोजगार हमीच्या कामावर गेल्या होत्या त्या मात्र सांगतात की पैसे सासूच्या हातात जात.' आता तिच्याकडे सांगायला काहीतरी आहे. लेखकाचं नाव घेतल्याशिवाय तिला त्याच्याशी असहमतही होता आलं नसतं.

सॉफ्टवेअर यातलं फार थोडं पकडतं. ते फक्त आपल्या साठ्यात असलेल्या मजकुराशी ताडून बघतं. मराठीतली बहुतेक जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, नियतकालिकं त्या साठ्यात नाहीत. जी आहेत त्यांतली कित्येक नुसती छायाप्रतींच्या स्वरूपात, किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. यंत्राला ती अक्षरं मराठी म्हणून कळतच नाहीत. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून आपला म्हणून दिला तर तो बहुधा निसटतो. आणि आता सांगाडा तसाच ठेवून शब्द बदलून देणारी साधनं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. १० टक्क्यांच्या आतला अहवाल हातात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी म्हणूनच शाबासकी देत नाही. बूझर यांचा टंकलिखित प्रबंधही कुठल्या यंत्राच्या साठ्यात नव्हता. तो माणसांनी वाचून शोधला.

आमच्याकडे पहिल्या सत्रातल्या असाइनमेंटपासून मी टिपणं मागून घेते. मसुद्यासोबत कार्डं, वही, फोनमधले फोटो, जे असेल ते. मसुद्यातल्या दोन-तीन तळटिपा निवडते आणि ती पुस्तकं घेऊन ये म्हणते. पुस्तक पाहिलेलं नसेल तर तळटीप बदलायची: आधी ज्यात ते सापडलं त्या लेखकाचं नाव, मग 'उद्धृत'. टिपणातलं दुसऱ्याचं वाक्य वेगळ्या शाईत आणि पानक्रमांक वाक्याच्या आधी लिहायचा, शेवटी नाही, म्हणजे वाक्य उचलताना क्रमांकही सोबत येतो. मुलं कुरकुरतात. दुसऱ्या सत्रापर्यंत हात वळतो.

याचा एक परिणाम ठरलेला असतो: मसुदा आटतो. उसना मजकूर अवतरणात गेला, मधल्या अभ्यासकांची नावं आली, नुसती भर होती ती गळाली की नव्वद पानांचं काम पन्नास-साठ पानांवर येतं. ते तेवढंच राहू द्यायला हवं. पण लघुप्रबंधाला किमान पानांची अट असते, आणि विद्यार्थी घाबरून ती पानं पुन्हा कुठून तरी भरतो. प्रामाणिकपणाची शपथ पहिल्या पानावर घ्यायला लावणाऱ्या विभागांनी ही अट आधी काढावी, अशी माझी मागणी आहे, आणि अभ्यासमंडळाच्या प्रत्येक बैठकीत मी ती मांडत राहीन.